मना जीव घाबरस

"काय गं, आज वाघ आला का बिबट्या?"

डॉक्टरसाहेबांनी विचारलं आणि केबिनमधले सगळे हसले. त्यांच्या शेजारी शिकायला आलेले दोन नवे डॉक्टर उभे होते, ते हसले. दारातली सिस्टर हसली. खुर्चीत बसलेल्या वहिनी हसल्या. वहिनी म्हणजे जळगावात ज्यांच्या बंगल्यावर मी कामाला आहे त्या. साहेब त्या दोघांना म्हणाले, "ही आमची घाबरट बाई. सातपुड्यातली. तिकडे जंगलात फिरतात, आणि इथे जिना चढायला भितात. असे पेशंट तुम्हाला फार भेटतील."

आणि मी पण हसले.

बाकीचं सगळं विसरता येईल. मी हसले ते विसरता येत नाही.

मी उभी होते. खुर्च्या दोन होत्या. एकीवर वहिनी, एकीवर वहिनींची पर्स. छातीत धडधड चालू होती, कारण दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. वहिनी सावकाश चढल्या, त्यांच्या मागे मी, तरी वर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काळं आलं होतं. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांच्या गळ्यातली नळी गळ्यातच राहिली. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या आणि वहिनींना म्हणाले, "झोप नीट झाली की सुधारेल. मनाचे खेळ आहेत."

वहिनी म्हणाल्या, "थँक्यू हं भाऊजी."

मी पण हात जोडले.

माझं गाव शिरपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. शाळा सहावीत सुटली. लग्न झालं, नवरा केळीच्या गाड्या भरायला रावेरकडे होता, मग सुरतेला गेला. आधी फोन यायचा, मग यायचा बंद झाला. पोरगी कडेवर घेऊन मी जळगावला उतरले तेव्हा मला इथलं कोणी ओळखत नव्हतं. वहिनींनी ठेवून घेतलं. बंगल्याच्या मागे पत्र्याची खोली दिली. पोरगी मोठी झाली तशी तिला शाळेत घातली, दादांच्या ओळखीने. दादा म्हणजे वहिनींचे मालक, त्या शाळेच्या कमिटीवर आहेत. जुन्या साड्या, दिवाळीला फराळ, आजारपणात डॉक्टर. डॉक्टर त्यांचेच, दादांचे चुलतभाऊ. शहरातले मोठे. बाहेर लोक सकाळपासून बसतात, मला मात्र मधूनच आत घेतात. कारण मी वहिनींची बाई.

हे सगळं मी मोजून दाखवत नाही. खरंच उपकार आहेत. देवाला हात जोडताना वहिनींचं नाव माझ्या तोंडी आधी येतं, अजूनही.

म्हणून तर अडकले.

आता ते घाबरण्याचं सांगते. आमच्या गावात छातीत धडधडलं, श्वास पुरेनासा झाला, आतून कोंडल्यासारखं झालं की म्हणतात, मना जीव घाबरस. भीती वाटली तर म्हणतात, भेव वाटस. दोन वेगळ्या गोष्टी. लहान लेकरालासुद्धा फरक कळतो. सरपणाचा भारा घेऊन चढ चढताना माझी माय थांबायची, म्हणायची, "थांब व बेटा, जीव घाबरस." तेव्हा कोणी तिला विचारलं नाही, तू कोनले भ्यायनी, कोणाला भ्यालीस म्हणून.

पहिल्यांदा साहेबांपुढे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, मना जीव घाबरस. पण मला लाज वाटली. वहिनी शेजारी. केबिन थंड, काचेची, सगळं चकचकीत. वहिनींनी मला बोलायला शिकवलेलं. 'शे' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. पाहुण्यांपुढे 'माले' म्हणायचं नाही, 'मला' म्हणायचं. मी मनात वाक्य नीट लावलं आणि म्हटलं, "साहेब, मला घाबरतं."

शुद्ध बोलायला गेले आणि नेमका जीव गाळला.

"कशाला घाबरतेस?" साहेबांनी विचारलं.

कशाला म्हणजे काय? जिना चढले की. कपड्यांची बादली गच्चीवर नेली की. उताणं निजलं की. मी वाक्य लावेपर्यंत माझ्या वतीने वहिनी बोलल्या. "नवऱ्याने सोडलंय ना भाऊजी. एकटी आहे. विचार करत असते."

साहेबांनी मान डोलावली. झालं. तपासणी झाली. त्या दिवसापासून माझ्या छातीचं नाव घाबरट पडलं.

आणि खोटं कसं म्हणू? मी घाबरट आहेच. कप फुटला तर घाबरते. वहिनींचा आवाज चढला तर घाबरते. पोरीच्या शाळेतून फोन आला तर हातपाय गळतात. आपण इथल्या नाही, कधीही काढतील, ही धास्ती पोटात कायमची. त्यामुळे साहेब म्हणाले ते मला पटलं. मोठा माणूस म्हणतो, शिकलेला माणूस म्हणतो, मग असेल मनाचंच. मी गोळी घ्यायचे. गोळी घेतली की डोकं निजायचं, छाती जागीच राहायची. दूध उतू जायला लागलं. पोळी करपायला लागली. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी एवढं औषध देतात, पण तुझं मनच खंबीर नाही त्याला काय करणार?"

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. चिकाचं पातेलं घेऊन मी जिन्यात होते. मधल्या वळणावर श्वास संपला. दम लागणं मला माहीत आहे. हे तसं नव्हतं, श्वास संपलाच. पायरीवर बसले, पातेलं मांडीवर भाजत होतं, तरी उचलून खाली ठेवता येईना. खोकला आला. थुंकीत तांबूस दिसलं. पोरगी वरून धावत आली. तिने पातेलं उचललं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे मनाचं नाही. मनाचं रक्त येतं का?"

तिच्या त्या बोलण्याने माझ्या डोक्यातली गोळी उतरली.

मी वहिनींना सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का, असं विचारलं. वहिनी कपाट लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "दुसऱ्या? का? भाऊजी काय कमी आहेत का? मोबाइलवर बघ, लोकांनी किती तारे दिलेत त्यांना." पोरीने खोलीत बघितलं, खरंच होते. खाली लोकांनी लिहिलेलं होतं, स्वभाव प्रेमळ, सगळं छान समजावून सांगतात. मी विचार करत बसले. हे लिहिणारे खोटं बोलत नसतील. त्यांना समजावून सांगितलं असेल. ते खुर्चीत बसले असतील. एकाच डॉक्टरचे दोन डॉक्टर असतात. तारे देणाऱ्याला भेटतो तो वेगळा, मला भेटतो तो वेगळा.

मग मी न विचारता गेले. जळगावातच, छातीच्या दुसऱ्या डॉक्टरकडे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आधी कोणाची ट्रीटमेंट?" मला खोटं सांगणं जमलं नाही, मी साहेबांचं नाव घेतलं. ती आत गेली. बाहेर आली आणि म्हणाली, "त्यांची चिठ्ठी घेऊन या. आमचे डॉक्टर त्यांना गुरू मानतात. असं परस्पर बघणार नाहीत."

"बाई, एकदा नुसती नळी लावू द्या."

"चिठ्ठी आणा."

घरी पोचले तर वहिनी व्हरांड्यात उभ्या होत्या. बातमी माझ्या आधी पोचली होती. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तुला काय कमी केलं गं आम्ही? गावभर सांगत फिरतेस का, आमचे डॉक्टर चांगले नाहीत म्हणून? भाऊजींना कसं वाटलं असेल?"

मी त्यांचे पाय धरले. "चुकलं वहिनी," म्हणाले. म्हणजे छाती माझी, रक्त माझं, आणि चुकलं पण माझंच. त्या दिवशी खोलीत बसून मला पहिल्यांदा खरं भेव वाटलं. मी या घरात मरेन. चांगल्या माणसांच्या मधोमध, फुकटच्या औषधावर, आभार मानत मरेन. आणि लोक म्हणतील, वहिनींनी खूप केलं तिच्यासाठी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाले नाना बसतात. मूळचे धुळ्याकडचे. म्हातारे, तोंडाने तिखट. कपडे द्यायला गेले तर मला धाप लागलेली. नाना इस्त्री उभी ठेवून म्हणाले, "काय व माय, पळत उनी का?"

"नाही नाना, इथूनच आले. मना जीव घाबरस."

निघून गेलं तोंडातून. किती दिवसांनी. नाना हसले नाहीत, कोणाला भितेस असंही विचारलं नाही. म्हणाले, "छाती दखाडी का?"

"दाखवली. मोठ्या डॉक्टरला."

"कान लावा का त्यानी?"

साहेबांनी तर नळीही लावली नव्हती. मी कपड्यांची गाठ सोडायला लागले.

"मंग काय दखाडं तू? साडी दखाडी का?" नाना चिडले. मग सांगितलं. त्यांच्या घरवालीचा पण जीव घाबरायचा. धुळ्याला एक छातीचा डॉक्टर आहे. "बोलाले खडूस शे. पन कान लावस. बठ्ठं इचारस." खडूस आहे, पण कान लावतो. सगळं विचारतो. मला एवढंच पाहिजे होतं. गोड डॉक्टर माझ्याजवळ होता.

वहिनी आणि दादा नाशिकला लग्नाला गेले, त्या दिवशी मी एसटीत बसले. बायकांना अर्धं तिकीट. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि प्रत्येक स्टँडवर मला वाटलं, उतरावं आणि परत जावं. कपाळाला घाम. शेजारच्या बाईने विचारलं, "कोणी वारलंय का?" मी म्हटलं, "नाही, दवाखान्यात चालले." ती म्हणाली, "मग रडतेस कशाला? अजून तर सुई पण नाही टोचली." मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात बाकडी होती. नंबर लावून बसले. मला काही कळत नाही, डॉक्टरची डिग्री वाचता येत नाही. मी बाहेर येणाऱ्या माणसांकडे बघत बसले. जळगावात साहेबांच्या केबिनमधून माणूस बाहेर आला की काउंटरला टेकून विचारायचा, "काय म्हणाले हो साहेब?" मी पण तेच विचारायचे. इथे माणसं बाहेर येत होती आणि आपल्या म्हातारीला, आपल्या बायकोला सांगत होती. मीठ कमी. पाय सुजले तर लगेच यायचं. एक पागोटेवाला बाबा तर बाहेर येऊन डॉक्टरला शिव्या देत होता, "बिडी बंद म्हणस! मना बाप लागी ग्या का!" शिवी देत होता, पण काय करायचं ते त्याला कळलं होतं. तेव्हा मी ठरवलं, आत जायचं.

डॉक्टर किडकिडीत. चेहरा आंबट. मी उभी राहिले तर म्हणाले, "बसा. उभं राहून मला दिसत नाही." मी बसले. खुर्चीच्या टोकावर.

"काय होतं?"

शुद्ध वाक्य तयार होतं. दम लागतो, असं सांगायचं. पण ते वाक्य मी मोडलं. "साहेब, मना जीव घाबरस."

"कधी? चालताना, का निजल्यावर?"

बस. एवढाच प्रश्न. मी सांगत सुटले. जिना. बादली. उशा दोन घ्याव्या लागतात ते. थुंकीतलं तांबूस. ते मधे बोलले नाहीत. मग सिस्टरला जवळ उभं केलं आणि मला म्हणाले, "नळी ब्लाउजच्या आत लावावी लागेल. चालेल?"

चालेल का, असं मला विचारलं. माझ्या अंगाबद्दल कोणी मला विचारलं. लग्नात नव्हतं विचारलं.

डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. श्वास सोडून थांबायला सांगितलं. फार वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "लहानपणी ताप येऊन गुडघे सुजले होते का? आज हा सांधा, उद्या तो?"

हे त्यांना कोणी सांगितलं? सहावीत होते. आश्रमशाळेत. घसा धरला, ताप आला, मग गुडघे सुजले, मग मनगटं. पेन धरता येईना. सर म्हणाले, कामचुकार आहे, ढोंग करते. बापाने खांद्यावर घालून घरी आणलं. बरी होऊन परत गेले तर हजेरीतून नाव कापलेलं. माझी शाळा अशी सुटली. मी जन्मभर समजत होते, मला अभ्यास जमला नाही.

"त्या तापाने हृदयाची झडप आखडली," डॉक्टर म्हणाले. इको काढला, पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. दार पूर्ण उघडत नाही. म्हणून फुप्फुसात पाणी तुंबतं. पायातून तार घालून फुग्याने उघडता येईल. सरकारी योजनेत बसेल. पण आता उशीर करायचा नाही." आणि मग आवाज चढवला, "इतके दिवस काय करत होता?"

"डॉक्टरकडेच जात होते साहेब."

त्यांनी माझ्या जुन्या गोळ्या हातात घेतल्या, उलटून पाहिल्या. "या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करू," एवढंच म्हणाले आणि दाखल व्हायचा दिवस दिला.

रविवारी साहेब बंगल्यावर जेवायला आले. भरिताचा बेत होता. वहिनी नाशिकहून आल्याबरोबर मी त्यांना सगळं खरं सांगितलेलं, त्यांनी साहेबांना सांगितलेलं. मी कळण्याच्या भाकरी वाढत होते.

"काय गं घाबरट," साहेब म्हणाले, "धुळ्याचं पाणी गोड लागलं का? काय दिवे लावले त्यांनी? आण ते रिपोर्ट. मी बघतो. त्यांच्याशी बोलतो. तो फुगाबिगा लगेच काही करायचा नाही."

माझ्या हातात भाकरी होती. ती मी ताटात ठेवली.

"नाही आणत."

"अगं!" वहिनी म्हणाल्या.

"साहेब, तुम्ही माझ्या छातीला नळी लावली नाहीत. एकदाही नाही. मी घाबरट आहे. आत्ता पण माझे पाय कापताहेत. पण आजार तो नव्हता."

दादांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. साहेबांचे कान लाल झाले. "आता तू मला डॉक्टरी शिकवणार? सहावी नापास?"

"नापास नाही साहेब. माझं नाव कापलं होतं."

मी आत गेले. छाती फुटते की काय असं होत होतं. वहिनी पाठोपाठ स्वयंपाकघरात आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "जा, माफी माग. मी सांभाळून घेते. नाहीतर बाई, तूच सांग, मी तुला इथे कशी ठेवू? पोरीच्या शाळेचं काय करणार आहेस तू?"

वहिनी वाईट नाहीत. त्या रडत होत्या. मला पण रडू येत होतं. पण मी माफी मागितली नाही. ओट्यावरची भाकरी करपत होती, ती उलटली आणि म्हटलं, "वहिनी, मी गुरुवारी दाखल होणार आहे."

त्या डोळे पुसून बाहेर गेल्या.

अजून खोली आहे. उद्या असेल का, माहीत नाही. शाळेत मी स्वतः जाऊन आले. हेडबाईंना म्हटलं, पोरगी हुशार आहे, तिचं नाव कोणाच्या सांगण्यावरून कापाल तर मी दारात बसेन. हे बोलताना आवाज फुटत नव्हता. तरी बोलले. नाना म्हणालेत, धुळ्याला त्यांच्या बहिणीकडे पडवी आहे.

उपकार मी विसरणार नाही. जमेल तसे हाताने फेडीन. भांडी घासून फेडीन, धुणं धुऊन फेडीन. पण उपकाराखाली मी छाती देणार नाही. माझ्या छातीवर कान कोणी ठेवायचा ते मी ठरवीन. जो विचारणार नाही, ऐकणार नाही, त्याच्या केबिनमधून मी उठून जाईन. तो कितीही मोठा असो, कोणाचाही भाऊ असो. तिथून दुसऱ्याकडे जाईन, त्याने ऐकलं नाही तर तिसऱ्याकडे. चिठ्ठी नसली तरी जाईन.

गुरुवारी सकाळची गाडी आहे. भेव वाटस. तरी जाणार.